दोराचे दोन हिसके

तू कधी पडतं बर्फ मोजलं आहेस का? पडलेलं नाही, पडतं. पडलेलं कुणीही मोजतं, पट्टी खुपसली की झालं. पडत्या बर्फाचं तसं नसतं. ते बसतं, दबतं, वारा त्यातलं थोडं उचलून नेतो आणि सहा तासांत खऱ्याचं खोटं होतं. म्हणून अंगणात ती पांढरी फळी आहे. सकाळी सात, दुपारी एक, संध्याकाळी सात, रात्री एक. मोजायचं, हाताने फळी झाडायची, पुन्हा बर्फावर ठेवायची आणि खांबावरच्या पत्र्याच्या डब्यातल्या वहीत आकडा लिहायचा, पुढे आपली आद्याक्षरं. शाई गोठते, म्हणून पेन्सिल. लिहिताना उजवा हातमोजा काढावा लागतो, तेवढाच काय तो त्रास. उद्यापासून हे काम तुझं.

कोट त्या खुंटीवर नको अडकवूस, बाई. इकडे खुर्चीच्या पाठीवर टाक. कॉफी घे. हा वेणीसारखा गुंफलेला गोड पाव पण घे, आज वेलची जरा जास्त पडलीय. तू दारातच विचारलंस, सव्वीस वर्षांनी का सोडताय म्हणून. फळी तुझ्या हाती देण्याआधी ते सांगणं मला भाग आहे. हे घर भाड्याने घ्यायचं की नाही, ते ऐकून झाल्यावर ठरव.

शहरातल्या रडारला आमचं बर्फ दिसत नाही, हे तुला माहीत असेलच. सरोवरावरून येणारे ढग इतके खालून येतात की रडारचा झोत त्यांच्या डोक्यावरून निघून जातो. शहरवाले सांगतात, "किनाऱ्यालगत हिमवर्षावाची शक्यता." तेवढ्यावर कोण गाडी बाहेर काढणार? म्हणून गावात पहाटे पावणेसहाला माणसं फोन फिरवतात आणि माझ्या आवाजातलं टेपवरचं ऐकतात: वारा कुठून आहे, पाणी किती गरम, हवा किती गार, ढगाचा पट्टा टेकडीवर बसेल की आपल्यावर. शाळेची बस त्यावर ठरते. कोळी त्यावर ठरवतात. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी बाई, बारावीच्या पुढे शिकलेली नाही. हे सगळं मला ओन्नीकाकांनी शिकवलं. ओन्नी सावेला. हे घर त्यांचं, फळीही त्यांचीच. काकू मुलीकडे निघून गेल्या तेव्हा घर मला मिळालं, कारण फळी हलवता येत नाही. जागा बदलली की साठ वर्षांच्या नोंदी वाया.

ओन्नीकाका सगळ्यात जास्त भ्यायचे ते वादळाला नाही, खिडकीला. ढगाचा पट्टा सरकतो, मध्येच आभाळ फाटतं, लख्ख ऊन पडतं. त्याला आम्ही खिडकी म्हणतो. दोन दिवस घरात कोंडलेली माणसं ऊन पाहून निघतात. मग खिडकी बंद होते. इथे जितकी माणसं बर्फात गेली, त्यातली बहुतेक उन्हात निघालेली होती.

सव्वीस वर्षांपूर्वी मी तेवीस वर्षांची होते, त्यांच्या हाताखाली. नियम असा की वादळात फळीकडे जाणाऱ्याने कमरेला दोर बांधायचा आणि दुसऱ्याने पडवीत दुसरं टोक धरून उभं राहायचं. फळीपाशी पोचलं की दोनदा हिसका. पडवीतून उत्तर म्हणून दोनदा हिसका. म्हणजे, आहे मी. एका वादळात दुपारी एकच्या सुमाराला ऊन पडलं. मी नकाशे पाहिले होते, वारा पाहिला होता. मी म्हटलं, "काका, दोन तासांची खिडकी आहे. साठ पावलांसाठी दोर कशाला?" ते हसले. म्हणाले, "आता तू मला शिकवायला लागलीस." आणि दोर गुंडाळून त्या खुंटीवर टांगून गेले.

खिडकी दहा मिनिटं टिकली.

मी पडवीत उभी राहून ओरडत होते. हातात धरायला काहीच नव्हतं. एप्रिलमध्ये बर्फ उतरलं तेव्हा ते सापडले, या पडवीपासून अकरा पावलांवर. उजवा हात उघडा होता. म्हणजे त्यांनी आकडा लिहिला होता आणि मग परत निघाले होते. कुणी मला बोल लावला नाही. काकूंनीही नाही. म्हणूनच मी फळी घेतली.

आता गेल्या महिन्यातलं वादळ.

माझ्या बहिणीची मुलगी सायमी आणि तिचा नवरा डेल वर टेकडीवर राहतात. सायमीचे दिवस भरत आलेले होते, आणि मूल पायाळू. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, कळा सुरू झाल्या की लगेच हॉस्पिटल, हे घरी होण्यातलं बाळंतपण नाही. हॉस्पिटल पस्तीस मैल, त्यातले बारा मैल रस्ता कड्यावरून, सरोवराला चिकटून. मला वादळाचा वास लागला होता, म्हणून आदल्या दिवशीच दोघांना मी खाली माझ्याकडे बोलावून घेतलं.

सकाळी सातला पाच इंच मोजलं. टेपवर सांगितलं, "आज घरीच थांबा. दुपारी एक ते तीन खिडकी उघडेल असं वाटतं." दहाच्या सुमारास सायमीला कळा सुरू झाल्या. लांब लांब होत्या, पण खऱ्या होत्या.

रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारणारी गाडी चालवणाऱ्या वाइनोला मी फोन केला.

"वाइनो, सायमीचं सुरू झालंय."

"काढू का गाडी?"

"आत्ता नको. आत्ता तुला तुझंच नाक दिसणार नाही. एक वाजता उघडेल. तू पुढे, डेलचा ट्रक तुझ्या मागे. पन्नास मिनिटं लागतील?"

"माझ्या गाडीला पन्नास. डेल चालवणार असेल तर देवाला माहीत. दक्षिणेकडचं पोरगं ते, बर्फ दिसलं की डोळे मिटतं."

डेल शेजारीच उभा होता. "ऐकू येतंय मला," तो म्हणाला.

"ऐकावं म्हणूनच बोलतोय, जावईबापू," वाइनो म्हणाला. सायमी कळेतही हसली. ती त्या दिवशी शेवटची हसली ते तेव्हाच.

एक वाजायला दहा मिनिटं असताना मी दोर बांधला. डेलने पडवीत टोक धरलं. बाहेर अंधार नव्हता, हे लक्षात घे. लोक अंधाराला भितात. पांढऱ्यात वरखाली कळत नाही, आपला हात पुढे केला तर कोपराच्या पुढे काही नसतं. मी पावलं मोजत गेले. साठाव्या पावलाला खांब हाताला लागला. दोनदा हिसका दिला. डेलने दोनदा उत्तर दिलं.

मी खाली वाकले. सकाळपासून फळीवर वीतभर तरी बर्फ असायला हवं होतं.

फळी झाडलेली होती.

वाऱ्याने झाडलेली नाही. वारा एका बाजूने नेतो आणि दुसऱ्या बाजूला ढीग लावतो. हे डावीकडून उजवीकडे, हाताच्या कडेने एका ओढीत झाडलेलं होतं. आम्ही झाडतो तसं. वर जेमतेम मिठाएवढी भुरभुर बसली होती. कुणीतरी पाचदहा मिनिटांपूर्वी मोजून गेलं होतं.

मी डबा उघडला. वहीत एकच्या रकान्यात नऊ इंच लिहिलं होतं. त्याखाली, "खिडकी पंचवीस मिनिटं." पुढे आद्याक्षरं, ओ. सा. नऊची शेपटी डावीकडे लांब वळलेली. ते अक्षर मी तीन वर्षं रोज पाहिलं होतं. बोट फिरवलं तर पेन्सिलीची पूड बोटाला लागली.

मी परत कशी आले ते मला आठवत नाही. डेल म्हणतो, मी दोर ओढतच आले.

एक वाजून वीस मिनिटांनी आभाळ फाटलं. इतकं निळं की डोळ्यांत पाणी यावं. पडवीतून फळी दिसायला लागली, तिच्यापलीकडे रस्ता, रस्त्याकडेला बर्फात अर्धा बुडालेला डेलचा ट्रक. सायमी आतून म्हणाली, "मावशी, ऊन आलं ना गं? निघायचं ना?"

मी फोन उचलला. "वाइनो, येऊ नकोस."

"अगं, माझ्या डोक्यावर निळं आभाळ आहे."

"पावणेदोनला बंद होईल. तेव्हा आपण कड्यावर असू."

"सकाळी तू दोन तास म्हणालीस."

"चुकले."

"कुणी सांगितलं तुला?"

"फळीवरून कळलं."

"ठीक आहे," वाइनो म्हणाला. "नुसता तुझा शब्द असता तर मी विचार केला असता. ओन्नीच्या फळीवर शंका नाही घेत." त्याने फोन ठेवला.

डेल माझ्याकडे बघत होता. त्याचा राग मला कळत होता. त्याच्या जागी मी असते तर मीही रागावले असते.

"मावशी, बाहेर बघ एकदा."

"बघितलं."

"तिच्या पोटात बाळ उलटं आहे. वर ऊन आहे. आणि तू एका वहीत काहीतरी बघून आलीस म्हणून आम्ही इथे बसून राहायचं?"

"हो."

"आणि खिडकी तीनपर्यंत उघडीच राहिली तर?"

सव्वीस वर्षांपूर्वी मी चुकले होते. आजही चुकले तर पोरगी आणि मूल दोन्ही माझ्यामुळे जाणार होती. मी एवढंच म्हटलं, "चूक माझी झाली तर मला शिव्या दे. पण जायचं नाही."

"मग मी ट्रक तरी मोकळा करून ठेवतो. ती तर परवानगी आहे ना?"

त्याने फावडं घेतलं. मी दोर पुढे केला. "उन्हात?" तो म्हणाला. "गावभर हसतील मला."

"हसू देत. बांध."

त्याने बांधला, माझी समजूत काढायला. मी टोक मनगटाला दोन वेढे देऊन पडवीत उभी राहिले. तो फळीवरून पुढे गेला, रस्त्याजवळ पोचला, तिथे दोर संपला. त्याने मागे वळून हात वर केला. त्याच्या मागे, सरोवरावर, पांढरी भिंत उभी होती आणि ती चालत येत होती.

मी हाक मारली. तो वळेपर्यंत ट्रक गेला, मग डेल गेला, मग फळी. घड्याळात पावणेदोन झाले होते.

मी दोनदा हिसका दिला.

बराच वेळ काही नाही. मग दोन हिसके आले. सावकाश, एकापाठोपाठ एक. मी ओढायला लागले. दोर जड येत होता. एका माणसाला ओढते आहे असं वाटत नव्हतं. ओल्या लोकरीचा वास आला, जुन्या कोटाला येतो तसा, आणि त्यात पेन्सिल तासल्याचा वास. मी ओढत होते, मोजत होते. तेवढ्यात पडवीच्या कठड्यावर हात पडला आणि डेल गुडघ्यांवर रांगत वर आला. तोंडावर, पापण्यांवर बर्फाचा थर.

त्याच्या कमरेला दोर नव्हता.

आणि माझ्या मनगटाचा दोर अजून ताठ होता.

"दोर का सोडलास?" मी विचारलं.

"मी... मी नाही सोडला." त्याचे दात वाजत होते. "कुणीतरी गाठ सोडली. खांदा धरून मला वळवलं... आणि मागून ढकललं. मला वाटलं तूच आलीस."

"मी इथून हलले नाही."

"मग तो हात..."

"हात कसा होता?"

"उघडा," तो म्हणाला. "हातमोजा नव्हता."

दोराला दोन हिसके बसले.

मी टोक मनगटावरून काढलं, पडवीच्या कडीला बांधलं, आणि आम्ही आत येऊन दाराला अडसर लावला.

त्या दुपारी आम्ही इथेच होतो, या टेबलाशी. खिडक्यांच्या काचा आधी पांढऱ्या झाल्या, मग राखाडी. दारावर बर्फ चढत गेलं, दार दबून कुरकुरायला लागलं. शेगडीत लाकडं होती, कॉफी होती, कुणी काही खात नव्हतं. फोनवर हॉस्पिटलची नर्स दर अर्ध्या तासाने विचारायची, कळा किती मिनिटांनी, आणि मी सांगायची. आणि मधूनमधून पडवीतली कडी वाजायची. टक, टक. मग शांत. वीस मिनिटं जायची, कधी तीस. पुन्हा टक, टक.

"मावशी, दाराशी कोण आहे?" सायमीने विचारलं.

"वारा आहे गं."

ती कळ जाईपर्यंत थांबली. "वारा दर वेळी दोनदाच वाजतो?"

डेलने तिचा हात धरला होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. पाचला बाहेरचा उजेड गेला. सव्वासहाला सायमीचं पाणी फुटलं. नर्स म्हणाली, आता दोन तासांच्या आत तिला इथे आणा, बाळाचा पाय खाली आला तर घरी कुणालाही काही करता येणार नाही. मी वाइनोला विचारलं. तो म्हणाला, "सेन्या, गॅरेजचं दार उघडलं तर बाहेर दुसरं दार असल्यासारखं बर्फ आहे. तू सांग, कधी थांबेल?"

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला काहीच सांगता आलं नाही. वाऱ्याची दिशा बदलली नव्हती, हवा बदलली नव्हती. माझ्या हिशेबाने ते बर्फ सकाळपर्यंत पडायला हवं होतं.

टक, टक.

आणि मला एकदम कळलं की ओन्नीकाका दुपारपासून काय मागतायत. मला ओढून घ्या असं ते म्हणत नव्हते. फळीपाशी पोचलेला माणूस दोनदा हिसका देतो आणि उत्तराची वाट बघतो. उत्तर आल्याशिवाय परत निघत नाही. मीच त्यांना बिनदोराचं पाठवलं होतं. त्यांना उत्तर द्यायला माझ्या हातात तेव्हा काही नव्हतं. आता होतं.

"मी पडवीत जातेय," मी म्हटलं.

"नको," डेल म्हणाला. "मावशी, नको उघडूस ते दार."

सायमी म्हणाली, "जाऊ दे तिला."

दार खांद्याने ढकलावं लागलं. पडवीत गुडघाभर बर्फ होतं. दोर कडीपासून सरळ त्या पांढऱ्यात गेला होता, ताठ, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर. मी हातमोजे काढले. काय बोलले ते सांगत नाही. ते त्यांच्या आणि माझ्यातलं आहे. मग दोर दोन्ही हातांनी धरून मी दोनदा हिसका दिला.

दोर सैल पडला. बर्फावर पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

सातला दहा कमी असताना बर्फ थांबलं. वारा तोच, हवा तीच, आणि बर्फ थांबलं. वर चांदण्या दिसत होत्या. पावणेआठला वाइनोच्या गाडीचे दिवे वळणावर दिसले. त्याने फावड्याने डेलचा ट्रक मोकळा करू दिला नाही, सायमीला आपल्याच गाडीत उंच सीटवर बसवलं आणि म्हणाला, "जावईबापू, तुम्ही मधे बसा आणि डोळे मिटा." मी शेवटी निघाले. शेगडी विझवली, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. दोर कडीला तसाच होता, दुसरं टोक बर्फाखाली कुठेतरी. सायमीला सोडून हलता आलं नाही, म्हणून संध्याकाळी सातचं मोजमाप राहून गेलं, सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. रात्री दहाला त्यांनी सायमीचं पोट उघडून मुलगा काढला. साडेसात पौंड, नाकीडोळी नीटस. डेल माझ्या गळ्यात पडून रडला. शिव्या द्यायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वाइनोने मला रस्त्यावर सोडलं आणि मी आधी फळीकडे गेले. फळी झाडलेली होती. वहीत आदल्या संध्याकाळी सातचा, रात्री एकचा आणि त्या सकाळी सातचा, तिन्ही आकडे लिहिलेले होते. आजूबाजूच्या बर्फावर कुणाचं पाऊल नव्हतं. मी पडवीत आले. कडीला दोर नव्हता. कुलूप लावल्याप्रमाणेच होतं. मी ते उघडून आत आले, तेव्हा दोर त्या खुंटीवर नीट गुंडाळून टांगलेला होता आणि त्यातून पाणी टपकत होतं. दारापासून खुंटीपर्यंत ओल्या बुटांचे ठसे होते, परत बाहेर जाणारा एकही नव्हता. ओन्नीकाका घरी परत आलेत, बाई, आणि मी फळी घेतली होती ती त्यांच्यासाठीच; म्हणून सोडतेय.